सही कुणाची, रक्ततपासणी कुणाच्या गळ्यात?

संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट ऐंशीच्या दशकात रुळलं. मानसिक आजारावरचं लिथियम त्याच्याही आधीचं. रक्त सतत तपासत राहावं लागतं अशी ही औषधं सुरू करायची हॉस्पिटलमधल्या तज्ज्ञानं. पुढची वर्षानुवर्षांची प्रिस्क्रिप्शनं मात्र इंग्लंडात हळूहळू जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे आली. १९९१ च्या एका सरकारी पत्रानं बजावलं की ज्याची सही, कायदेशीर जबाबदारी त्याची. आजची सगळी ओढाताण या एका वाक्यात आहे.

खरा घोळ २००४ चा. त्या वर्षीच्या जीपींच्या नव्या करारात रक्ततपासणीच्या या देखरेखीला वेगळे पैसे ठरले आणि कामाला नाव मिळालं ‘निअर पेशंट टेस्टिंग’. या शब्दाचा रूढ अर्थ अगदी वेगळा आहे: पेशंटसमोरच बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि ग्लुकोमीटरसारख्या यंत्रावर मिनिटभरात आकडा वाचायचा. करारातली औषधं होती मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, पेनिसिलामिन, सोन्याचे क्षार. त्यांच्या चाचण्यांचं रक्त दवाखान्यात काढलं तरी तपासायला जायचं हॉस्पिटलच्या लॅबमध्येच. म्हणजे नाव चुकलेलंच, पण माझ्या मते चुकीपेक्षा नुकसान मोठं झालं. ‘टेस्टिंग’ म्हटल्यामुळे सुई टोचणं तेवढं काम दिसलं. तारखा सांभाळणं, न आलेल्याला फोन करणं, पांढऱ्या पेशी घसरल्या की त्याच दिवशी गोळी थांबवायला सांगणं, हे त्या शब्दात मावतच नाही. ‘शेअर्ड केअर’, म्हणजे तज्ज्ञ आणि जीपीनं पेशंटची जबाबदारी वाटून घेणं, हा शब्द त्याहून गोड. वाटा कुणाचा किती, हे भागागणिक बदलतं आणि मोबदलाही.

मेथोट्रेक्सेटसारख्या संधिवाताच्या औषधांसाठीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डोस सहा आठवडे स्थिर राहीपर्यंत दर पंधरवड्याला, मग तीन महिने दरमहा, नंतर निदान दर १२ आठवड्यांनी तपासणी. म्हणजे सगळं सुरळीत असलेला पेशंटही वर्षातून चार-पाच वेळा, आणि दर वेळी रक्तपेशी, किडनी, लिव्हर असे तीन रिपोर्ट. रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या वॉरफरिनच्या जागी नवी औषधं आल्यावर आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या चाचणीच्या खेपा घटल्या खऱ्या, पण त्यांनाही निदान वर्षातून एकदा किडनीची तपासणी लागतेच.

ऑगस्ट २०२१ मध्ये रक्ताच्या नळ्यांचाच तुटवडा पडला आणि तातडीच्या नसलेल्या चाचण्या काही आठवडे थांबवाव्या लागल्या. १ ऑगस्ट २०२४ पासून जीपींनी सामूहिक आंदोलन पुकारलं, तेव्हा शेअर्ड केअर नाकारणं हा त्यातला एक पर्याय होता. त्यासाठी करार मोडावा लागत नव्हता. शेअर्ड केअर जीपीच्या मर्जीवरच असते. इतकी वर्षं तिला कुणी मर्जी म्हणत नव्हतं, एवढंच.