बल्ब धारा खात नाही

एक विद्युतघट, एक बल्ब आणि दोन तारा. घटाच्या धन टोकाकडून बल्बकडे जाणाऱ्या तारेत अर्धा अँपिअर धारा वाहते आहे. मग बल्बमधून घटाकडे परतणाऱ्या तारेत किती असेल? विद्युतधारेचा धडा उघडण्याआधी मी मुलांना हे विचारतो. "थोडी कमी," असं उत्तर बहुतेक येतंच. सूत्रं तोंडपाठ असणारी मुलंही इथे अडखळतात, आणि पुढची कितीतरी गणितं या एका समजुतीपायी चुकतात.

उत्तर अर्धा अँपिअरच. धारा म्हणजे विद्युत प्रभार वाहण्याचा दर. तारेच्या छेदातून एका सेकंदात एक कुलोम प्रभार गेला, की धारा एक अँपिअर. एवढ्या प्रभारासाठी सव्वासहा अब्ज गुणिले एक अब्ज इतके इलेक्ट्रॉन लागतात. बल्बमध्ये जितके शिरतात तितकेच बाहेर पडतात; तिथे ते नाहीसेही होत नाहीत आणि साचूनही राहत नाहीत. खर्च होते ती ऊर्जा. विभवांतर सांगतं ते हेच: घट १२ व्होल्टचा असेल, तर परिपथातून एक फेरी मारताना प्रत्येक कुलोम १२ ज्यूल ऊर्जा देऊन जातो.

आता याच घटाला २ ओहम आणि ४ ओहमचे रोध, म्हणजे धारेला अडवणारे घटक, एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडा. धारा म्हणजे विभवांतर भागिले रोध, हा ओहमचा नियम. एकूण रोध ६ ओहम, म्हणून धारा २ अँपिअर, आणि ती दोन्हींतून सारखीच. वाटणी होते ती विभवांतराची: लहान रोधाला ४ व्होल्ट, मोठ्याला ८. शक्ती, म्हणजे सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, काढायला धारेचा वर्ग गुणिले रोध केलं, की लहान रोधात ८ वॅट आणि मोठ्यात १६ वॅट मिळतात. तेच रोध समांतर, म्हणजे दोन्ही थेट घटाच्या टोकांना, जोडले, की चित्र उलटतं. आता दोघांनाही पुरे १२ व्होल्ट मिळतात; लहानातून ६ अँपिअर जातात, मोठ्यातून ३, आणि शक्ती होते ७२ वॅट व ३६ वॅट. एकसर जोडणीत मोठा रोध जास्त तापतो, समांतर जोडणीत लहान. म्हणून शक्तीचं कोणतं सूत्र वापरायचं, याआधी दोन्ही रोधांत सारखं काय आहे हे बघावं: धारा की विभवांतर? माझ्या मते या धड्यातलं निम्मं काम या एका प्रश्नात होतं.

धारेची दिशा धनाकडून ऋणाकडे मानतात, इलेक्ट्रॉन मात्र उलट जातात. हा संकेत रुळला तो १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या खूप आधी. आकृतीत बाण काढताना जुना संकेतच पाळायचा.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते इलेक्ट्रॉनचं पुढे सरकणं. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा असताना ते सेकंदाला सरासरी ०.०७३ मिलिमीटर सरकतात. म्हणजे तासाला जेमतेम २६ सेंटिमीटर! तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण इलेक्ट्रॉन तारेत आधीपासून ठासून भरलेले असतात. त्यांना ढकलणारं विद्युतक्षेत्र प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने तारेभर पसरतं आणि सगळे एकदमच सरकू लागतात. पाण्याने भरलेल्या लांब नळीची तोटी उघडल्यावर दुसऱ्या टोकातून लगेच पाणी येतं, तसंच.

ओहमच्या नियमाची व्याख्या लिहिताना "तापमान आणि इतर भौतिक अवस्था कायम असताना" हे शब्द गाळले, की गुण जातात. ते शब्द उगाच आलेले नाहीत. जॉर्ज ओहम हा शाळेत शिकवणारा जर्मन शिक्षक. त्याचे पहिले प्रयोग घट वापरून झाले, पण घटांचं विभवांतर स्थिर राहीना. मग त्याने दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि तापमानातल्या या फरकातून स्थिर विभवांतर मिळवलं. १८२७ मध्ये त्याने आपला नियम सविस्तर मांडला. प्रयोगशाळेत तुम्ही धारा मोजणारा अँमीटर एकसर आणि विभवांतर मोजणारा व्होल्टमीटर समांतर जोडून हाच नियम पडताळता, तेव्हा प्रत्येक वाचनानंतर कळ उघडायला, म्हणजे धारा थांबवायला, सांगतात. ती न उघडता धारा वाहतीच ठेवली, तर तार तापते, धातूच्या तारेचा रोध वाढतो, आणि विभवांतर-धारा आलेखावरची सरळ यायला हवी ती रेषा वरच्या टोकाला वाकते.