उपोष्ण बेटांवरील सम हवामान

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या पलीकडे, साधारण २३.५° ते ४०° अक्षवृत्तांच्या दरम्यान, म्हणजे उपोष्ण पट्ट्यात, असलेल्या काही महासागरी बेटांवर वर्षभर ना कडक उन्हाळा जाणवतो, ना बोचरी थंडी. अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटे, मदीरा आणि अझोर्स ही याची ठळक उदाहरणे. हवाईची मुख्य बेटे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे काटेकोरपणे उष्ण कटिबंधात येतात. पण त्यांच्या हवामानाची घडण बरीचशी याच प्रकारची असल्याने त्यांचाही विचार येथे केला आहे.

केवळ अक्षवृत्त पाहिले तर ही बेटे सुखद असण्याचे काहीच कारण दिसत नाही. २८° उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास पृथ्वीवरची कितीतरी वाळवंटे पसरलेली आहेत. अल्जीरियातील ऐन सलाह हे सहारातील गाव आणि कॅनरी बेटांवरील लास पाल्मास हे शहर जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. ऐन सलाहला जुलैतले दुपारचे तापमान ४५° सेल्सिअसच्या घरात असते आणि हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच गारठवतात. लास पाल्मासला जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे १८°, तर ऑगस्टचे २४° ते २५° असते. दोन्हीकडे सूर्य तेवढाच तळपतो. फरक पडतो तो त्या उन्हाचे पुढे काय होते यामुळे.

पहिला वाटा अर्थातच समुद्राचा. पाण्याची विशिष्ट उष्मा कोरड्या खडकाच्या किंवा मातीच्या चार-पाच पट असते, ही शाळेत शिकलेली गोष्ट. पण तेवढ्यावर उलगडा होत नाही. जमिनीवर पडणारे ऊन वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकते, तर समुद्रात ते खोलवर शिरते आणि लाटा व वारा ती उष्णता घुसळून दहापट, शंभरपट जाडीच्या थरात पसरवतात. शिवाय तिचा मोठा हिस्सा बाष्पीभवनात खर्च होतो. म्हणून समुद्र तापतो सावकाश आणि निवतोही सावकाश. कॅनरी बेटांभोवतीचे पाणी सर्वांत गार असते ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, साधारण १८° ते १९°. सर्वांत उबदार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, २३° च्या आसपास. वर्षभराचा फरक अवघा चार-पाच अंशांचा. चहूबाजूंनी असे पाणी असलेल्या लहान बेटावरची हवा त्याच्यापासून फार दूर जाऊ शकत नाही. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे हाच समतोल रोजच्या रोज राखत राहतात.

तरीही समुद्र सगळ्याच बेटांना असतो आणि सगळीच बेटे सुखद नसतात. जपानच्या ओकिनावा बेटावरील नाहा शहर २६° उत्तरेला आहे. तिथे जुलैचे सरासरी तापमान २९° च्या जवळ जाते, हवा दमट व घामट असते आणि उन्हाळा-पावसाळ्यात टायफून वादळे धडकतात. हिवाळ्यात आशिया खंडावरच्या थंड हवेचे झोत समुद्र ओलांडून इथवर पोहोचतात. बर्म्युडा ३२° उत्तरेला. गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाच्या सान्निध्यामुळे तिथे हिवाळा सौम्य असतो, पण ऑगस्टमध्ये सरासरी तापमान २७° ला पोहोचते, दमटपणा जाणवतो आणि हरिकेनचा धोकाही असतो. ओकिनावा आणि बर्म्युडा यांच्यात समान धागा आहे तो स्थानाचा: दोन्ही बेटे आपापल्या महासागराच्या पश्चिम भागात आहेत.

माझ्या मते या विषयाची खरी किल्ली इथेच आहे. प्रत्येक मोठ्या महासागरात उपोष्ण पट्ट्यात पाण्याचा एक विशाल चक्राकार प्रवाह असतो. त्याच्या पश्चिम बाजूने विषुववृत्ताकडचे उबदार पाणी ध्रुवाकडे जाते. पूर्व बाजूने थंड पाणी विषुववृत्ताकडे परतते. उत्तर अटलांटिकमध्ये हा परतीचा प्रवाह म्हणजे कॅनरी प्रवाह. त्यात भर म्हणून वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा पृष्ठभागाचे पाणी बाहेर लोटतो आणि त्या जागी तळाकडचे थंड पाणी वर येते. फुएर्तेव्हेंतुरा हे कॅनरींपैकी एक बेट सहाराच्या किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर असूनही भाजून निघत नाही, ते या थंड पाण्यामुळे. ऊन उपोष्ण कटिबंधाचे आणि पाणी उत्तरेकडून आलेले, असा तो मेळ आहे. दक्षिण पॅसिफिकमध्ये चिलीच्या पश्चिमेला असलेल्या हुआन फर्नांदेस बेटांना हंबोल्ट हा थंड सागरी प्रवाह असाच गारवा पुरवतो.

हवेचाही वाटा मोठा आहे. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उंचावरून ध्रुवांकडे सरकते आणि ३०° अक्षवृत्तांच्या आसपास खाली उतरते. या अभिसरणाची कल्पना जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये व्यापारी वाऱ्यांचे कारण शोधताना मांडली. खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते व कोरडी होते, त्यामुळे या पट्ट्यात जास्त दाब, निरभ्र आकाश आणि मोठ्या वादळांचा अभाव आढळतो. अटलांटिकमधल्या या जास्त दाबाच्या केंद्राला अझोर्स बेटांचेच नाव मिळाले आहे. त्याच्या कडेने निघणारे व्यापारी वारे कॅनरी बेटांवर ईशान्येकडून येतात. उन्हाळ्यात, नेमकी गरज असते तेव्हा, ते अधिक नेमाने वाहतात.

वरून उतरणारी उबदार हवा आणि समुद्राला लागून असलेली गार, ओलसर हवा यांच्यामध्ये एक सीमा तयार होते. तिथे उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. हा थर झाकणासारखा काम करतो. खालचे बाष्प त्याला भेदून वर जाऊ शकत नाही, म्हणून उंच गडगडाटी ढग क्वचितच बनतात आणि पसरट ढगांची चादर तेवढी तयार होते. लास पाल्मासचे रहिवासी उन्हाळ्यातल्या या करड्या आच्छादनाला ‘गाढवाचे पोट’ म्हणतात. नाव गमतीचे वाटले तरी ऐन उन्हाळ्यात डोक्यावर सावली धरण्याचे काम तेच करते.

बेट डोंगराळ असेल तर एकाच बेटावर अनेक हवामाने नांदतात. कॅनरींपैकी तेनेरीफ बेटावरील तेइदे हा ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच आहे. त्याच्या उत्तर उतारावर वारा अडतो, ढग साचतात आणि हिरवाई असते. दक्षिण बाजू पर्जन्यछायेत कोरडी राहते. ढगांच्या वर गेले की आकाश एकदम स्वच्छ. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट १७९९ मध्ये दक्षिण अमेरिकेला जाताना इथे थांबले, तेइदे चढले आणि उंचीनुसार बदलत जाणारे वनस्पतींचे पट्टे त्यांनी नोंदवले. १८५६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी दुर्बिणी घेऊन याच डोंगरावर निरीक्षणे केली. आज शेजारच्या ला पाल्मा बेटावर १०.४ मीटर व्यासाची दुर्बीण उभी आहे. हवाईच्या काउआई बेटावर वायआलेआले शिखराजवळ वर्षाला सुमारे १०,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर काही शे मिलिमीटरच.

या व्यवस्थेत खंड पडतोच. वारा आफ्रिकेकडून फिरला की ‘कलिमा’ ही धुळीने भरलेली, बहुधा उष्ण हवा कॅनरी बेटांवर येते. फेब्रुवारी २०२० मध्ये धुळीमुळे तिथले विमानतळ बंद ठेवावे लागले होते. अझोर्स अधिक उत्तरेला असल्याने हिवाळ्यात तिथे पाऊसवारा बराच असतो.

वादळे दूर ठेवणारे झाकण पाऊसही दूर ठेवते. लांझारोते आणि फुएर्तेव्हेंतुरा ही बेटे ठेंगणी असल्याने ढग अडवू शकत नाहीत आणि तिथे पाऊस वाळवंटाइतकाच पडतो. लांझारोतेचे शेतकरी ज्वालामुखीच्या काळ्या राखेत खोल खड्डे करून त्यात द्राक्षवेल लावतात, वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल बांधबंदिस्ती करतात. राख जमिनीतला ओलावा उडू देत नाही. पिण्याचे पाणी आता मुख्यतः समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. उंच बेटांवर मात्र झाडे ढगांतूनच पाणी गाळतात. कॅनरींतल्याच एल हिएरो बेटावरील गारोए नावाचा वृक्ष यासाठी प्रसिद्ध होता. त्याच्या पानांवरून ठिबकणारे धुक्याचे पाणी लोक साठवून वापरत. १६१० मध्ये तो वादळात उन्मळून पडला.

त्याच ढगपट्ट्यात कॅनरींतील ला गोमेरा आणि मदीरा या बेटांवर लॉरेल वृक्षांची सदाहरित जंगले टिकून आहेत. लाखो वर्षांपूर्वी अशी जंगले दक्षिण युरोपातही होती. हवामान कोरडे होत गेले, मग हिमयुगे आली आणि मुख्य भूमीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. समुद्राने वेढलेल्या या उतारांवर बदल इतका सौम्य राहिला की ती जगली. ला गोमेरातील गाराहोनाय जंगलाला १९८६ मध्ये आणि मदीराच्या जंगलाला १९९९ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.