उजनीचे उन्हाळी पाहुणे आणि ‘उणे’ची भानगड

शिमगा सरला की उजनी धरणाच्या काठच्या भिगवण, कुंभारगावकडून फोटो यायला लागतात. उथळ पाण्यात गुलाबी रांगा, मागे चिलापी माशांची जाळी, कडेला होडी. महिन्यापूर्वी तिथेच हात हलवत परतलेला माणूस मग विचारतो, रोहित (फ्लेमिंगो) आता कुठून आले? या प्रश्नाचं निम्मं उत्तर पक्ष्यांच्या पुस्तकात मिळतं, उरलेलं धरणाच्या पाणीसाठ्याच्या तक्त्यात.

धरणाआधी इथे भीमेचं पात्र होतं, वाळू होती, काठाला मळे होते. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं. भिंत खाली माढा तालुक्यात, पण फुगवट्याची उथळ शेपटी वर इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंडच्या शिवारांत पसरली. गावं उठली, रेल्वेमार्ग हलला, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. ते अजूनही पाणी ओसरलं की वर येतं आणि बघायला गर्दी होते. शेती बुडालेल्यांपैकी बरेच जण मासेमारीकडे वळले. आज दुर्बीणवाल्यांना होडीतून फिरवणारेही बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतलेच.

रोहित उलटी चोच पाण्यात घालून गाळ चाळतो. पाय लांब असले तरी खोल पाण्यात ते त्याच्या कामाचे नाहीत. पावसाळ्यात धरण तुडुंब भरलं, तर शेपटीकडचा गाळ कितीतरी महिने पाण्याखाली खोल राहतो आणि कच्छच्या रणातले हे पाहुणे उशिरा उतरतात. पाणी लवकर उतरलं तर तेही लवकर. म्हणून ‘अमुक तारखेला फ्लेमिंगो येतात’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर फार विसंबू नये. सोबतची राखाडी, मळकट पिल्लं पाहून ‘वेगळा पक्षी दिसला’ म्हणणारेही दर वर्षी भेटतात.

आता तो शब्द. जानेवारी ते मे या काळात कधीतरी बातमी येते, ‘उजनी उणे’. बाहेरगावचा पक्षिमित्र घाबरून सहल रद्द करतो, कारण त्याला वाटतं धरण कोरडं पडलं. प्रत्यक्षात उजनीची टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर मोजतात, आणि तो सुमारे 53.57 टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्याखाली सुमारे 63.66 टीएमसी मृत साठा आहे, म्हणजे ‘मेलेलं’ पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त! उपयुक्त साठा संपला की शून्य, आणि त्यापुढे मृत साठ्यातून जेवढं जाईल ते उणे. उणे 50 टक्के म्हणजे मृत साठ्यातले साधारण 27 टीएमसी गेले, 37 टीएमसीच्या आसपास अजून आहेत. कितीतरी धरणं तुडुंब भरली तरी एवढं पाणी धरत नाहीत. ‘मृत’ हाही तसा फसवाच शब्द. कालव्याला ते पाणी सहज मिळत नाही एवढंच, पण सोलापूरसाठी नदीत सोडता येतं आणि काठच्या मोटारी तर ते रात्रंदिवस उपसतात. पाणी मागे हटलं की शेतकरी मोटार, पाइप आणि केबल घेऊन त्याच्यामागे सरकतात, आणि त्यांच्याही पुढे शेकाटे, सुरय, चमचे असे पाणपक्षी सरकतात. शून्याच्या अलीकडे-पलीकडे पाणी असतं तेव्हा शेपटीकडचा काठ पक्ष्यांनी सगळ्यांत गजबजलेला असतो, असं माझं मत. फार खोल उण्यात मात्र हे चित्र उलटतं. 2023 चा पाऊस कमी झाला, 2024 च्या जानेवारीतच साठा शून्याखाली गेला आणि उन्हाळ्यात उणे 60 च्या जवळ पोचला. अशा वर्षी शेपटीला नुसती नदी उरते आणि पक्ष्यांना भिंतीकडे किंवा दुसऱ्या जलाशयांवर जावं लागतं.

उघड्या पडलेल्या त्या काठाला गावात गाळपेर म्हणतात. ओल धरलेल्या या गाळात पीक घेतात. तो पट्टा पेरणाऱ्याचा की पक्ष्यांचा, हा वाद बैठकांत होतो तेवढा बांधावर होत नाही. जायकवाडी आणि नांदूर मधमेश्वर 1986 मध्येच अभयारण्यं झाली. नांदूर मधमेश्वर तर 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. उजनीला अजून तसा दर्जा नाही, आणि त्यामागे जाळी, मोटारी आणि गाळपेर यांचं मोठं गणित आहे.

एकीकडे रोहित येत असताना दुसरीकडे थंडीचे पाहुणे निघालेले असतात. हिमालयावरून परतणारे पट्टकदंब हंस मार्चमध्ये विरळ होत जातात, मग थापट्या आणि तलवार ही बदकं. लांब चोचीच्या मालगुजा पक्ष्याच्या मानेवर तांबूस रंग चढू लागतो. थंडीत राखाडी पाहिलेला पक्षी हाच, हे पटायला वेळ लागतो. दुर्मीळ नोंदी बहुधा याच परतीच्या दिवसांतल्या असतात, कारण वाटेवरचा पक्षी दोन दिवस टेकतो आणि जातो. फोटो नसेल तर पुढे वादच उरतो. भोरड्यांबद्दल (गुलाबी मैनांबद्दल) मात्र कुणाला शंका नसते. ज्वारीवर त्यांच्या धाडी पडल्या की माळ्यावरून गोफण फिरते. एप्रिलमध्ये थवेच्या थवे वायव्येकडे निघतात, तोवर कडबाही रचून झालेला असतो.