मुंबईतल्या हेरिटेज इमारतीची दुरुस्ती आणि आतले बदल: परवानगीचा अर्ज कुठे अडतो

जुन्या इमारतीला रंग काढायचा ठरलं की सोसायटी कंत्राटदार बघते, परांची बांधून होते आणि काम सुरू होतं. इमारत वारसा यादीत असेल तर नोटीस इथेच येते. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला नियम ५२ स्पष्ट आहे: यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, फेरबदल, गिलावा, एवढंच काय रंगकामसुद्धा महापालिका आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही, आणि ती परवानगी मुंबई वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्याने दिली जाते. महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ खाली टेनंटेबल रिपेअर्सना, म्हणजे नेहमीच्या किरकोळ दुरुस्त्यांना, जी सूट आहे, तिच्या भरवशावर पुष्कळ लोक काम सुरू करतात. यादीतल्या इमारतीला ती सूट पुरत नाही.

आधी तुमची इमारत यात येते का ते पाहा. इथे चूक होते ती नाव शोधण्यात. १९९५ च्या यादीत इमारतीचं नाव नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. पण अख्खा परिसर हेरिटेज प्रिसिंक्ट, म्हणजे वारसा परिसर, असेल तर त्यातली प्रत्येक इमारत नियमात येते. मरीन ड्राइव्ह हे त्याचं ठळक उदाहरण. तिथली समुद्राकडची पहिली रांग आणि ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको (१९३०-४० च्या दशकांतल्या शैलीच्या) इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहेत. शिवाय इमारतींची नावं बदलतात, म्हणून शोध नावावर न घेता सी. एस. नंबरवर, म्हणजे जमिनीच्या सर्वेक्षण क्रमांकावर घ्या. शहर भागात सी. एस. नंबर चालतो, उपनगरात सी. टी. एस.; अर्जात एकाच्या जागी दुसरा लिहिला तर फाइल चुकीच्या टेबलावर जाते.

श्रेणीवर सगळं ठरतं. पहिल्या श्रेणीत आतबाहेर काहीही बदलता येत नाही. इमारत मजबूत करून तिचं आयुष्य वाढवण्यापुरतंच काम. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे २अ आणि २ब मध्ये, आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे मान्य होतो, पण वैशिष्ट्यं जपून. तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर दोन्हीकडे बदलाला वाव आहे. राहत्या इमारती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत असतात, त्यामुळे ‘हेरिटेज म्हणजे काहीच करता येत नाही’ ही समजूत सोडून द्या.

अर्ज कोणी करायचा, हा पहिला मोठा अडसर. अर्जदार मालक लागतो. सोसायटी नोंदलेली आहे पण अभिहस्तांतरण (मालकी सोसायटीच्या नावावर करणं) झालेलंच नाही, प्रॉपर्टी कार्डावर अजून पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव आहे, असं सर्रास दिसतं. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा देणाऱ्याची ना हरकत लागते: मरीन ड्राइव्हच्या भरावावर जिल्हाधिकारी, दादर-माटुंग्याच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या जुन्या भूखंडांवर महापालिकेचा मालमत्ता विभाग. पट्ट्याची मुदत संपलेली असेल तर ना हरकत मिळत नाही, आधी नूतनीकरण मागतात. तेव्हा आर्किटेक्ट नेमण्याआधी पट्ट्याची तारीख वाचा. बरोबर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि त्यात दर्शनी भाग, खिडक्या आणि सामाईक जिना यांचा स्वतंत्र उल्लेख हवा. ‘इमारतीची दुरुस्ती करण्यास मंजुरी’ एवढ्या ठरावावर नंतर एक सभासद हरकत घेतो आणि काम थांबतं.

पागडीच्या (जुन्या, नियंत्रित भाड्याच्या) इमारतीत मालक सहीच करत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे भाडेकरूंनी पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिन्याला दोनशे रुपये पागडी भाडं असेल तर वर्षाला सहाशे रुपये सुटतात, म्हणजे या कलमाचा उपयोग पैशासाठी नाही. नोटिशीची पोचपावती मात्र जपून ठेवा. मालकाने जबाबदारी टाळली हे दाखवायला तीच लागते. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) असेल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही जावं लागतं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत ‘अ’ वर्गात येते, आणि चाळी बहुतेक याच वर्गातल्या. मंडळ दुरुस्ती करतं म्हणून वारसा समितीची परवानगी टळत नाही.

आता मूळ मंजूर नकाशा. हा कागद जवळपास कोणाकडेच नसतो. १९३५ च्या इमारतीचा नकाशा महापालिकेच्या स्वतःच्या अभिलेखातही पुष्कळदा सापडत नाही, आणि तरी त्याअभावी फाइल परत करतात. हे अन्यायाचं आहे. वाट अशी: माहिती अधिकारात नकाशाची प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं तर तेच जोडा आणि त्याबरोबर आर्किटेक्टने मोजून काढलेले प्रत्येक मजल्याचे, चारही बाजूंचे आणि छेदाचे नकाशे द्या. जुना असेसमेंट (मालमत्ता कर आकारणीचा) उतारा काढून ठेवा. निवासी बांधकामासाठी १७ एप्रिल १९६४ आणि अनिवासीसाठी १ एप्रिल १९६२ या तारखा महापालिका आधार धरते. बंद केलेली गॅलरी किंवा मागची वाढीव खोली त्याआधीची आहे हे उताऱ्यावरून सिद्ध झालं नाही तर ती अनधिकृत ठरते आणि चांगल्या कामाचा अर्जही तिच्यापायी लटकतो.

स्ट्रक्चरल ऑडिटच्या बाबतीत कळकळीने सांगायचं आहे. अहवालात इमारत, धोक्याच्या उतरत्या क्रमाने, सी-१, सी-२अ, सी-२ब किंवा सी-३ ठरते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्यायोग्य. ऑडिटरने ‘सुरक्षित बाजूने’ म्हणून सी-१ लिहिलं तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची, धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि जतनाची चर्चाच संपते. अहवालावर सही घेण्याआधी चाचण्या कोणत्या केल्या ते पाहा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स आणि हाफ-सेल या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. विटांच्या भारवाहक भिंती, सागवानी तुळया आणि लोखंडी गर्डरवरच्या कमानींच्या छताला त्या लावून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. तिथे तुळईची भिंतीत गेलेली टोकं उघडून पाहावी लागतात; कूज तिथेच लागते. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं.

आतल्या बदलांपैकी सगळ्यात जास्त नाकारला जातो तो घरातला नवा संडास. मोरीच्या जागी खोलगट लादी करून सहा इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. त्याचं वजन चौरस मीटरला साधारण अडीचशे किलो, आणि राहत्या खोलीचा वापराचा भार धरतात २०० किलो. लाकडी तक्तपोशीवर हे चालणार नाही. हलकी भरणी, उंच केलेला ओटा, भिंतीला टांगलेलं भांडं आणि मागच्या बाजूने एकच सामाईक नळ-वाहिनी दाखवा. प्रत्येक घराची वेगळी पाइप दर्शनी भिंतीवरून उतरवलेला नकाशा परत येणारच.

लिफ्टसाठी जिन्याचा मधला मोकळा चौक किंवा मागची बाजू सुचवा. वर मशीन-रूम न लागणारी लिफ्ट निवडली तर छताची रेषा बदलत नाही, समितीचा मोठा आक्षेप निघून जातो. महाराष्ट्र उद्वाहन अधिनियम २०१७ प्रमाणे बसवण्याआधी आणि चालू करण्याआधी अशा दोन्ही परवानग्या लागतात. खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी दाखवू नका. आवाज कमी करायचा असेल तर त्याच सागवानी चौकटीत लॅमिनेटेड काच बसते. एसीचे बाहेरचे युनिट कुठे ठेवणार हे नकाशातच दाखवा. आर्ट डेको इमारतीत छज्ज्याची कड दुरुस्तीत जाड होते, म्हणून मूळ छेदाची मापं जोडा. आणि चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा थर कामाच्या तपशिलात लिहू नका: भिंतीतला ओलावा आत कोंडतो आणि तुळया आणखी लवकर कुजतात.

उरलेले कागद सरळ आहेत: प्रॉपर्टी कार्ड, चारही बाजूंचे तारखेसह फोटो, मालमत्ता कराची पावती, आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नेमणूकपत्र, कामाचा तपशील.

समितीचं अनुकूल पत्र म्हणजे काम सुरू करायची परवानगी असं बरेच जण समजतात. ती शिफारस असते. विभाग कार्यालयाच्या इमारत व कारखाने विभागाकडून किंवा इमारत प्रस्ताव विभागाकडून प्रत्यक्ष परवानगी हाती येईपर्यंत परांची उभी करू नका. काम एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली ‘विकास’ ठरलं असेल तर परवानगी एका वर्षाची असते, आणि मुदतवाढीचा अर्ज ते वर्ष संपण्याआधी करावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचं काम होत नाही, त्यामुळे मार्चमध्ये मिळालेल्या परवानगीचे कामाचे महिने आठच उरतात. अर्ज शक्यतो पावसाळ्याआधी टाका, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास कागद हाती येण्याची आशा धरता येते. काढलेल्या खिडक्या, कठड्याच्या जाळ्या आणि जिन्याच्या लाद्या क्रमांक घालून इमारतीतच ठेवा, कारण पाहणीला आलेला अधिकारी त्या बघायला मागतो.