नेपाम डेथ
नेपाम डेथ : ग्राइंडकोअर या अतिवेगवान संगीतप्रकाराचा आद्य मानला जाणारा इंग्लिश बँड. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन गावी १९८१ मध्ये निक बुलन व माइल्स रॅटलेज या शाळकरी मुलांनी तो काढला. आरंभीचे वादन सरळ युद्धविरोधी पंक (साध्या, बंडखोर रॉक) वळणाचे होते. वेग आला तो १९८५ च्या सुमारास ड्रमवादक मिक हॅरिस आल्यावर.

‘स्कम’ (१९८७) हा पहिला अल्बम नॉटिंगहॅमच्या इअरेक रेकॉर्ड्सने काढला. त्याची पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये आणि दुसरी मे १९८७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. मधल्या काळात माणसे इतकी बदलली की दोन्ही बाजूंवर एकटा हॅरिसच सापडतो. एका तबकडीवर दोन बँड आहेत म्हटले तरी चालेल. अठ्ठावीस गाण्यांपैकी ‘यू सफर’ जेमतेम १.३ सेकंदांचे असून सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनीज बुकात गेले. बीबीसीचे जॉन पील यांनी ही गाणी रेडिओवर लावली.

वाद आहे तो ब्लास्ट बीट हा ठेका मूळचा कोणाचा याचा. या ठेक्यात बास ड्रम व झांज एकत्र पडतात, स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम त्यांच्या मधल्या फटीत पडतो, आणि ही आळीपाळी इतकी जलद चालते की मात्रा मोजता येत नाहीत. त्याचे श्रेय हॅरिसला देण्याचा प्रघात आहे. तथापि मॅसॅच्युसेट्सच्या सीज बँडच्या १९८४ च्या ध्वनिमुद्रणात तो वेग आढळतो. मिशिगनच्या रिपल्शन बँडचाही दावा हलका नाही. नाव हॅरिसचे, चाल आधीची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सोलापूरकराला हा ठेका ऐकताच यंत्रमाग आठवतो. साम्य अगदीच वरवरचे नाही : काठीचा धोट्यावरचा फटका आणि फणीची ठोक यांचीही अशीच आळीपाळी असते. म्हणून कारखान्यांच्या खडखडाटातून हे संगीत जन्मले, ही लोकप्रिय उपपत्ती मात्र जपूनच घ्यावी. नुसता आवाज पुरेसा असता तर १८७७ पासून गिरणी असलेल्या सोलापुरात ग्राइंडकोअर केव्हाच निघाले असते.

१९९० चा ‘हार्मनी करप्शन’ फ्लोरिडात ध्वनिमुद्रित झाला व डेथ मेटल या जड, घोगऱ्या गायकीच्या संगीताकडे झुकला. हॅरिस १९९१ मध्ये बाहेर पडला. गायक बार्नी ग्रीनवे १९८९ मध्ये, बासवादक शेन एम्बरी त्याआधी दोन वर्षे आलेला. मूळ संस्थापकांपैकी आज कोणी नाही. पुढचे अल्बम बरेच आहेत.

त्यांतला ‘एपेक्स प्रेडेटर – ईझी मीट’ (२०१५) चादरी, टॉवेल आणि गणवेशांवर जगणाऱ्या गावात आधी लावावा असा आहे. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. अल्बममागची प्रेरणा ती. त्याचे शीर्षकगीत संथ आहे.