ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र नव्हते

‘प्राचीन ग्रीक आपले संगमरवरी पुतळे मुद्दाम पांढरेशुभ्र ठेवत’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आला आहे. संग्रहालयांत ते तसेच दिसत असल्याने हा समज स्वाभाविकच आहे. प्रत्यक्षात मात्र हे पुतळे रंगवलेले असत आणि ऊन-पाऊस, मातीखालची शतके व उत्खननानंतरची घासूनपुसून केलेली स्वच्छता यांमुळे त्यांचे रंग गेले. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस या टेकडीवरच्या प्राचीन गडावर सापडलेल्या, सुमारे इ.स.पूर्व ५३० मधील तरुणीच्या पुतळ्याचे केस नीट पाहिले, तर तांबड्या रंगाच्या खुणा आजही साध्या डोळ्यांनी दिसतात. जिथे काहीच दिसत नाही, तिथेही ‘इजिप्शियन निळा’ हा त्या काळी वापरला जाणारा रंग उरला असल्यास प्रकाश टाकताच तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतो आणि ते खास कॅमेऱ्यात टिपता येतात. शिवाय इ.स.पूर्व ४१२ मधील एका ग्रीक नाटकात, पुतळ्यावरचा रंग पुसावा तसे आपले सौंदर्य पुसले जावे, अशी इच्छा सौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेली नायिका हेलन बोलून दाखवते; रंगीत पुतळे नेहमीचे नसते, तर प्रेक्षकांना ही उपमा उमगलीच नसती.