लोरेटा लिन: घरातलं भांडण गाण्यात मांडणारी

१९५२ साली अमेरिकेच्या कंट्री संगीतात, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांत, एकट्या गायिकेचं गाणं बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्यांदाच पहिल्या क्रमांकावर गेलं. गायिका होती किटी वेल्स. गाण्याचा रोख असा की बाया वाट चुकतात त्यात पुरुषांचाही हात असतो. मात्र बायकांच्या बाजूने ठणकावणारे हे शब्द लिहिले होते जे. डी. मिलर या पुरुषाने. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये त्यात कुणाला वावगं वाटत नसे. गीतकाराने लिहायचं, गायिकेने गायचं आणि हक्क प्रकाशन कंपनीने सांभाळायचे, अशी रीतच होती. सिंडी वॉकरसारख्या कसबी गीतकार बायका होत्या, पण त्यांची बरीच गाजलेली गाणी पुरुषांच्या तोंडी गेली. नामवंत गायिका पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’सुद्धा विली नेल्सन या पुरुषाने लिहिलेलं.

आपली गाणी स्वतःच लिहून गाणाऱ्या लोरेटा लिनचं वेगळेपण कळायचं तर आधी ही रीत माहीत हवी.

केंटकी राज्याच्या डोंगराळ पूर्व भागात व्हॅन लिअर हे खाणकामगारांचं गाव. गाव वसवलं कोळसा कंपनीने, घरं आणि दुकानं कंपनीची. त्याच्या वरच्या अंगाला बुचर हॉलर नावाची घळ आहे. तिथे लाकडी खोपटात १४ एप्रिल १९३२ रोजी लोरेटा वेब जन्मली, आठ भावंडांतली दुसरी. वडील टेड वेब खाणीत कोळसा उपसायचे. १९४८च्या जानेवारीत तिचं ऑलिव्हर लिनशी लग्न झालं. त्याला सगळे ‘डूलिटल’ किंवा नुसतंच ‘डू’ म्हणत. लग्नात ती तेरा वर्षांची होती असं ती कायम सांगत आली, आत्मचरित्रातही तेच लिहिलं. २०१२ मध्ये पत्रकारांनी जन्मदाखला शोधून काढला, तेव्हा ती पंधरा वर्षं पुरी केलेली निघाली. तेरा काय नि पंधरा काय, पोरवयच ते.

नवराबायको हजारो मैल लांब, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेले. तो लाकूडतोडीच्या धंद्यात, ती मुलांत आणि घरकामात. पंचविशीच्या आत चार मुलं झाली. १९५३ मध्ये डूने तिला सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली आणि ती स्वतःच वाजवायला शिकली. लोकांसमोर गायला तिला पुढे ढकललं तेही त्यानेच.

पहिली तबकडी १९६० मध्ये निघाली. पैसे घातले लाकडाच्या एका व्यापाऱ्याने, कंपनीचं नाव झीरो रेकॉर्ड्स. जाहिरातीला दमडी नव्हती. मग दोघं गाडीत बसून गावोगावची रेडिओ स्टेशनं पालथी घालत निघाले. रात्री गाडीतच झोपायचं, सकाळी निवेदकाला गाठून तबकडी हातात द्यायची. ‘आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल’ कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि त्याच वर्षी तिला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमात गायला मिळालं.

१९६१ मध्ये पॅट्सी क्लाइन मोटार अपघातात जबर जखमी झाली. लोरेटाने रेडिओवरच्या कार्यक्रमात पॅट्सीचंच गाणं तिला उद्देशून गायलं. ते इस्पितळात ऐकून पॅट्सीने तिला बोलावून घेतलं आणि पुढे मोठ्या बहिणीसारखं हाताशी धरलं. मैत्री दोनच वर्षं टिकली, कारण १९६३ मध्ये पॅट्सी विमान अपघातात गेली.

दरम्यान डेक्का या तबकड्यांच्या कंपनीत निर्माता ओवेन ब्रॅडलीच्या हाताखाली लोरेटाचं ध्वनिमुद्रण सुरू झालं होतं आणि तिची लेखणी रंगात येऊ लागली होती. एका कार्यक्रमाआधी एक बाई रडत तिच्याकडे आली. नवरा बाहेर बसलाय, शेजारी त्याची ‘ती’ बसलीये. लोरेटाने पडद्याआडून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, तुझा नवरा पळवण्याएवढी ही बाई दमदार नाही! तेच वाक्य धरून १९६६ चं ‘यू एन्ट वुमन इनफ’ झालं. पुढे झिंगून घरी येणाऱ्या नवऱ्याला दारातच सुनावणारं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, सवतीला ठोसे दाखवणारं ‘फिस्ट सिटी’ आलं. पिणारा आणि बाहेरख्याली तो नवरा म्हणजे अर्थात डू. बायको आपली लक्तरं देशभर टांगतेय आणि आपण तिच्या गाण्यांसाठी धावपळ करतोय, हा संसार १९९६ मध्ये तो जाईपर्यंत टिकला. यात प्रेम किती आणि व्यवहार किती, हे बाहेरच्याने ठरवू नये.

१९७० चं ‘कोल मायनर्स डॉटर’ वेगळ्या जातीचं. त्यात भांडण नाही, तपशील आहेत: घासणीच्या फळीवर कपडे घासून रक्ताळलेली आईची बोटं, उन्हाळ्यात अनवाणी फिरणारी पोरं, डुक्कर विकून आलेल्या पैशांतून टपालाने मागवलेले जोडे. मूळ गाणं फार लांब होतं, ब्रॅडलीने त्यातली कडवी कापायला लावली. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा मान मिळवणारी ती पहिली बाई ठरली. गाण्याच्याच नावाचं आत्मचरित्र १९७६ मध्ये आलं, त्यावरच्या १९८० च्या चित्रपटाने लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळवून दिलं.

सगळ्यात मोठा गहजब झाला तो ‘द पिल’वरून. हे शब्द इतरांचे, पण आवाज तिचा. गर्भनिरोधक गोळी हाती आलेली, बाळंतपणांना विटलेली बाई यात नवऱ्याला सुनावते. ध्वनिमुद्रण १९७२ चं, पण कंपनीने ते १९७५ पर्यंत दाबून ठेवलं. बऱ्याच स्टेशनांनी बंदी घातली, तरी गाणं कंट्री यादीत पाचवं आलं.

एवढं सगळं होत असताना तिच्या स्वतःच्या गाण्यांचे हक्क मात्र विल्बर्न बंधूंच्या प्रकाशन कंपनीकडे होते. सुरुवातीला डेक्काचं दार त्यांनीच उघडून दिलं होतं, टीव्हीवरच्या त्यांच्या कार्यक्रमातून ती घराघरांत पोचली होती. करार त्या काळातला. सत्तरच्या दशकात ती त्यांच्यापासून वेगळी झाली, वर्षानुवर्षं कोर्टात लढली, पण हक्क परत मिळाले नाहीत. चिडून तिने लिहिणंच जवळपास सोडलं. दुसरी कंट्री गायिका-गीतकार डॉली पार्टन हिने याच सुमारास आपल्या ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’चे अर्धे हक्क एल्विस प्रेस्लीच्या व्यवस्थापकाला द्यायला नकार दिला होता, आणि ते गाणं पुढे तिला भरभरून पैसा देत राहिलं. माझ्या मते लोरेटाच्या कारकिर्दीतलं खरं नुकसान कुठल्या बंदीने नाही, या कराराने केलं.

ती पुन्हा लिहिती झाली ती म्हातारपणी. तरुण रॉक संगीतकार जॅक व्हाइटबरोबर केलेला ‘व्हॅन लिअर रोझ’ २००४ मध्ये आला, तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. त्यातली गाणी तिच्याच लेखणीची, आणि त्या अल्बमने तिला दोन ग्रॅमी मिळवून दिली. २०१७ च्या पक्षाघाताने दौरे थांबले. तरी २०२१ मध्ये तिने आणखी एक अल्बम काढला आणि १९६६ च्या त्या गाण्याला जोडून नाव ठेवलं: ‘स्टिल वुमन इनफ’. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या घरी ती वारली.